कुणाकडसून इलां?

‘डॉक्टरीणबाईंना विचारा’: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

संपादकांनी या महिन्यात पाठवलेल्या गठ्ठ्यातली चार पत्रं मी बाजूला काढली. आजार चारही निराळे, पण चौघांनी शेवटी विचारलंय एकच: हे आलं कुठून? कुडाळात पस्तीस वर्षं मी मुलांचा दवाखाना चालवला. हा प्रश्न तिथे आईबापांच्या तोंडून फारसा यायचाच नाही. मूल आईच्या मांडीवर, बाप दाराशी चपला घालूनच उभा, आणि आजी मला ऐकू जाईल अशा बेतानं भिंतीला सांगायची, “आमच्या घराण्यात असलां काय एक नाय. ह्यां सगळां तिच्या म्हायराकडसून इलां.” या खेपेला तेच धरून लिहिते.

“माझं वय २६. पहिली मुलगी पाच महिन्यांची आहे. जन्मल्यावर चेहरा आणि तळहातावरची एकच आडवी रेघ बघून डॉक्टरांनी डाऊन सिंड्रोमची शंका सांगितली. अजून मान नीट धरत नाही. रक्ताची तपासणी झालेली नाही. चाळिशीतल्या आयांच्या मुलांना हे होतं असं ऐकलंय, मग मला कसं? सासूबाई म्हणतात, ग्रहणात मी विळीवर बसले म्हणून. माहेरी माझ्या आईचा एक चुलतभाऊ ‘तसाच’ होता, हेही आता निघालंय. पुढचं मूल असंच होईल का?” (एक आई, कणकवली तालुका)

विळीचं आधी उरकते. तुमच्या लेकीत जे जास्तीचं आहे ते गर्भ राहिला त्या घटकेलाच तिथे होतं. ग्रहण लागलं तेव्हा ती ते घेऊन पोटात निवांत वाढत होती. तुम्ही विळीवर बसून फणस फोडला असतात तरी काही बदललं नसतं.

आता जास्तीचं म्हणजे काय, ते. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्या. (ही मोजणीसुद्धा १९५६ पर्यंत चुकीची होती, पुस्तकांत ४८ छापलेलं असायचं.) बीजांड किंवा शुक्रजंतू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकेकच पुढे जातं. हापूसचं कलम बांधतो तेव्हा आपण त्याच झाडाची काडी लावतो, म्हणून फळ तेच. कोय रुजवली तर काय निघेल याची हमी कुणी बागायतदार देणार नाही. माणसं सगळी कोयीची, रायवळ. दर वेळी नवी वाटणी होते आणि कधीतरी या वाटणीत एखादी जोडी सुटतच नाही, दोन्ही एकाच बाजूला जातात. ती जोडी २१ नंबरची असेल तर मुलात २१ नंबरची तीन गुणसूत्रं येतात. डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी या मुलांचं वर्णन केलं १८६६ मध्ये. कारण सापडायला मात्र १९५९ उजाडलं.

दहातल्या नऊ वेळा ही जोडी न सुटण्याची गोष्ट बीजांडात घडते. ते ऐकून सासूबाई म्हणतील, “बघा!” त्यांना सांगा, बाईची बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि वाटणी अर्धी करून थांबतात. पुढे पंचवीस-तीस-चाळीस वर्षांनी एकेक करून ती पुरी होते. जितकं जास्त थांबणं, तितका गुंता होण्याचा संभव जास्त. म्हणून पंचविशीत साधारण १२५० बाळंतपणांमागे एक, पस्तिशीत ३५० मागे एक आणि चाळिशीत १०० मागे एक असं मूल होतं. तरी माझ्या दवाखान्यात आलेल्या बहुतेक आया तुमच्याच वयाच्या होत्या. कारण साधं आहे: मुलं होतातच मुळी जास्त करून विशीतल्या बायांना. एकेकीचा धोका कमी, पण बाया पुष्कळ.

आता मी तुमच्यावर थोडी रागावणार आहे. तुमच्यावर म्हणजे ज्यांनी चेहरा बघून नाव सांगितलं आणि रक्त घेतलं नाही त्यांच्यावर. रागावण्याचा अधिकार मला आहे, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे.

दवाखाना नवा होता. तेवीस वर्षांची एक बाई असंच मूल घेऊन आली. बघता क्षणी मी ओळखलं आणि ओळखल्याच्या भरात तिला सांगून टाकलं, “हे एखाद्याच वेळी होतं. पुढचं मूल चांगलं होईल, काळजी करू नकोस.” तेव्हा रक्त मुंबईला पाठवावं लागायचं, खर्च होता. मी म्हटलं, कशाला गरिबाला खड्ड्यात घाला. तीन वर्षांनी ती दुसरं मूल घेऊन आली. तोच चेहरा, तीच रेघ. मग रक्त पाठवलं, मुलांचं आणि आईबापांचं. आईच्या पेशीत गुणसूत्रं निघाली ४५. एकविसावं तिच्या चौदाव्याला जाऊन चिकटलेलं होतं. माल सगळा जागेवर, फक्त बांधणी वेगळी, म्हणून ती स्वतः ठणठणीत. पण वाटणीच्या वेळी ते जोडगुणसूत्र सुट्या एकविसाव्यालाही सोबत घेऊन जाऊ शकतं. अशा आईला दर खेपेला साधारण दहा ते पंधरा टक्के धोका असतो. बाप असा वाहक असेल तर पुष्कळ कमी, दोन-तीन टक्क्यांच्या आत. आणि कुणात दोन्ही एकविसावी एकमेकांना चिकटलेली असतील, तर जगणारं प्रत्येक मूल डाऊनचंच होतं.

मी आणखी एक चूक केली ती सांगते, ती पहिलीपेक्षा मोठी. तो रिपोर्ट मी बाहेरच्या बाकावर, सगळं घर बसलेलं असताना वाचून दाखवला. “आईकडून आलंय.” सासूनं नुसतं तोंड फिरवलं. ती बाई त्यानंतर माझ्याकडे आली नाही, मुलांची लस दुसरीकडे टोचून घेतली असं कळलं. तेव्हापासून असा रिपोर्ट मी दार लावून, नवरा-बायको दोघांनाच बसवून सांगत आले. तुम्हीही तो तसाच ऐकायचा. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा.

तेव्हा पहिलं काम: मुलीच्या रक्ताचा कॅरिओटाईप, म्हणजे गुणसूत्रांची मोजणी. दोन-तीन मिली रक्त लागतं. पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवतात आणि विभागणीच्या ऐन मध्यावर त्यांना थांबवतात, कारण गुणसूत्रं तेव्हाच जाडजूड दिसतात. त्या थांबवण्यासाठी कॉल्चिसिन किंवा त्याच्या जातकुळीचं औषध वापरतात. कॉल्चिसिन कशात असतं माहीत आहे? आपल्या कळलावीत. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती. घरात आणली की भांडणं लागतात म्हणून आपण तिला उंबरठ्याच्या आत घेत नाही. तुमच्या घरातलं भांडण मिटवायला तीच कामी येतेय, याची मला मौज वाटते. (कंद भयंकर विषारी असतो, मुलांना लांब ठेवा.)

रिपोर्टवर ४७ आकडा आणि शेवटी ‘+२१’ असेल तर ही सुटी जोडी. शंभरातली पंचाण्णव मुलं या प्रकारातली. मग तुम्हा दोघांचं रक्त तपासायची गरज नसते आणि तुमच्या वयाला पुढच्या खेपेचा धोका साधारण एक टक्का. आकडा ४६ असून पुढे ‘रॉब’ किंवा ‘डेर’ अशी अक्षरं दिसली, तर चिकटलेला प्रकार, शंभरात तीन-चार मुलांत आढळणारा. तेव्हा दोघांचं रक्त द्यायचं. त्यातलीही पुष्कळ मुलं नव्यानंच घडलेली असतात, आईबाप दोघंही स्वच्छ निघतात. आईच्या चुलतभावाचं तुम्ही लिहिलंत म्हणून मी हे इतकं लांबवलं. तो नुसता योगायोग असू शकतो, पण रिपोर्टशिवाय मी या वेळी “काळजी करू नका” म्हणणार नाही.

पुढच्या गर्भारपणी अकरा ते चौदा आठवड्यांत मानेमागच्या पाण्याची सोनोग्राफी आणि रक्तचाचणी करून घ्या. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातून होणारी नवी महाग चाचणी निघालीय, ती चाळणी आहे, निकाल नाही. पक्कं सांगतं ते गर्भजल, साधारण सोळाव्या आठवड्यात. कायदा काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची वाट मोकळी ठेवतो. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं, मी त्यावर मत देत नाही.

आणि या सगळ्यात पाच महिन्यांची ती पोर राहून जाते. अशा निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो आणि तो कानाला स्टेथोस्कोप लावून कधीकधी कळतही नाही. या आठवड्यात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा. थायरॉईड बघा, कान तपासा. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे मान आणि पाठ धरण्याचे व्यायाम शिकवतात. ते घरी तुम्हालाच करायचे आहेत, रोज, तेल लावताना. माझ्याकडची अशी एक मुलगी आज आईच्या खानावळीत सोलकढीचे ग्लास मोजून भरते. मोजणी चुकली तर आईला ओरडते.

“मुलगी कॉलेजच्या शिबिरात तपासली, थॅलसेमिया मायनर निघाली. हिमोग्लोबिन ए-टू ५.२. तिचं लग्न माझ्या नणंदेच्या मुलाशी लहानपणापासून ठरल्यासारखं आहे, दोघांनाही पसंत आहे. पत्रिका उत्तम जुळते. मोडायचं का?” (वेंगुर्ले)

पत्रिकेबरोबर एक कागद आणखी जुळवा आणि मग ठरवा.

गुणसूत्रं म्हणजे पोथीची पुडकी धरली, तर पहिल्या पत्रात एक अख्खं पुडकं जास्तीचं होतं. इथे पानं सगळी आहेत, एका पानावर एखादं अक्षर चुकलंय. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनची कृती लिहिलेली असते, त्यातली एक प्रत बिघडलेली. कॅरिओटाईपमध्ये असलं अक्षर दिसत नाही, तेव्हा ती तपासणी करून पैसे घालवू नका. मुलीची दुसरी प्रत धड आहे, म्हणून ती आयुष्यभर धड. फक्त रक्त थोडं फिकं राहील. कुणी नुसतं हिमोग्लोबिन बघून तिला लोहाच्या गोळ्यांवर गोळ्या द्यायला लागलं, तर आधी फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह, तपासायला सांगा.

ही चूक आपल्या किनाऱ्यावर इतकी टिकली कशी, याचा तर्क ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला होता: एक बिघडलेली प्रत असलेल्याला मलेरिया कमी जाचतो. हे गृहस्थ पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. म्हणजे तुमच्या मुलीच्या रक्तातली ‘खोट’ कुणा खापरपणजीला तापातून तारून गेलेली असू शकते.

आता हिशोब. मुलीला हे तुमच्याकडून आलंय की यजमानांकडून, ते आधी बघा. तुमच्याकडून असेल तर नणंदेच्या मुलाशी त्याचा संबंध नाही, त्याला धोका कुठल्याही परक्या मुलाइतकाच. यजमानांकडून असेल तर त्यांच्या बहिणीतही ते असण्याची शक्यता अर्धी आणि तिच्या मुलात त्याच्या अर्धी, म्हणजे चारात एक. पण अंदाज करत बसण्यापेक्षा मुलाचं एचपीएलसी करा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी. एका सिरिंजचं काम आहे. तो वाहक नसेल तर खुशाल अक्षता टाका. आत्तेमामे भावंडांच्या लग्नात इतर जन्मदोषांचा धोका एरवीपेक्षा दोन-तीन टक्क्यांनी वाढतो, तेवढं मनात असू द्या.

दोघंही वाहक निघाले, तर दर गर्भारपणी चारात एक शक्यता थॅलसेमिया मेजरची. त्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि साठलेलं लोह बाहेर काढायला रोज औषध, जन्मभर. असं मूल घेऊन कुडाळहून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात महिन्याच्या महिन्याला जाणारा एक रिक्षावाला मला ठाऊक आहे. त्या दिवशी धंदा बुडतो, दुसऱ्या दिवशी झोपेत रिक्षा चालवतो. म्हणून म्हणते, आधी तपासा. तरीही दोघांना लग्न करायचंच असेल, तर अकराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा नमुना घेऊन बाळ तपासता येतं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवर काम करणारी संस्था आहे. तुतारी एक्सप्रेसनं दादरला उतरलात की परळ हाकेवर.

आणि नणंदेला हे सांगायला यजमानांना पाठवा. बहीण-भावात बोललेलं निभावतं.

“मी १९ वर्षांचा. मर्चंट नेव्हीच्या मेडिकलला रंगांच्या ठिपक्यांत आकडे दिसले नाहीत म्हणून नापास. घरी तीन पिढ्या मासेमारी, कुणाला हे नाही. चष्मा किंवा औषध आहे का? बहिणीच्या लग्नाला अडचण येईल का?” (मालवण)

घरी कुणाला नाही म्हणतोस, पण बघितलंस कुठे? वडलांच्या बाजूला. आईच्या भावाला विचार. मामाला कधी बाजारात पाठवलं आणि तो शिळा बांगडा घेऊन आला, असं आजी सांगते का? बांगड्याचा ताजेपणा कल्ला उचलून लाली बघून ठरवतात. लाल आणि तपकिरी एकच दिसणारा माणूस तिथे फसतो.

हा रंगांधळेपणा. त्याचे गुण एक्स गुणसूत्रावर असतात. मुलग्याला एक्स मिळतं एकटं, तेही फक्त आईकडून, त्याच्या बिघाडाला झाकायला दुसरं नसतं. आईकडे दोन, म्हणून तिला रंग नीट दिसतात. तिची यात चूक नाही, आणि तिनं तुझ्यावर काही लादलेलं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पत्राच्या शेवटी तू आईबद्दल एक वाक्य खोडलंयस आणि ते खोडूनही वाचता येतं.

औषध नाही. चष्मे मिळतात, ठिपक्यांतला आकडा कदाचित दाखवतील, पण रंग देत नाहीत आणि मेडिकलला चालत नाहीत. नियम तुला जाच वाटेल. पण रात्री समोरून येणाऱ्या जहाजाचा डावा दिवा लाल आणि उजवा हिरवा असतो. तेवढ्यावरून ते कुठे वळणार हे ठरवायचं असतं, आणि तुझ्या मागे वीस माणसं झोपलेली असतील. जहाजावरची सगळीच कामं सारख्या कडक नियमाची नसतात, त्यामुळे दुसऱ्या खात्याची चौकशी करून मग आशा सोड.

बहीण वाहक असण्याची शक्यता अर्धी. लग्नाला कसलीही अडचण नाही. तुझ्या मुलग्यांना हे तुझ्याकडून येणार नाही, मुली मात्र सगळ्या वाहक होतील. नातवाला बाजारात पाठवताना लक्षात ठेव.

“पित्ताशयाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. माझा गट ओ पॉझिटिव्ह, पण रक्तपेढीत ओचं एकही रक्त जुळेना. आता ‘बॉम्बे ग्रुप’ म्हणतात. हा कसला रोग?” (वय ५२, देवगड)

रोगच नाही. तुम्ही बावन्न वर्षं जगलात, आंबे काढलेत, कळलंही नाही. हा नुसता फरक आहे. अडतो तो रक्त चढवायच्या दिवशीच.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा गट सापडला, म्हणून नाव बॉम्बे. ए आणि बी ही रंगरंगोटी, ती चढते ‘एच’ नावाच्या गिलाव्यावर. ओ गटात रंग नसतो, पण गिलावा असतो. तुमच्याकडे गिलावाच नाही. तो करणाऱ्या एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बंद आहेत. साध्या तपासणीत ओसारखंच दिसतं, पण तुमचं शरीर ओच्या रक्तावरही तुटून पडेल. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा. तुमच्या पेढीतल्या तंत्रज्ञानं जुळत नाही म्हणून पिशवी दिली नाही, त्याला पेढे द्या.

आईबापांकडून एकेक बंद प्रत आली आहे, बहुतेक दोघांचं मूळ कुठेतरी एकच असणार. म्हणूनच सख्ख्या भावंडांत हा गट निघण्याची शक्यता चारात एक, बाहेर कुठेही शोधण्यापेक्षा कितीतरी जास्त. पित्ताशयाचं ऑपरेशन घाईचं नसेल, तर आधी काही आठवडे तुमचंच रक्त काढून ठेवता येतं का ते सर्जनला विचारा. रक्तपेढीकडून दुर्मीळ रक्तगटाच्या यादीत नाव घाला आणि खिशात चिठ्ठी ठेवा: बॉम्बे, ओ देऊ नये.

मुंबईतल्या भावाला आजच फोन करा. तो म्हणेल, “अरे, माझा ओ आहे, सोसायटीच्या शिबिरात तपासलाय.” त्याला सांगा, तुमचाही ओच होता.